अनुराधापूरला घालायचे टी-शर्ट

परदेशी जायचं तर लहान मुलं घेऊन जाऊ नये, हे मला आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर वेगवेगळ्या आवाजात सांगण्यात आलं. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "पोरं आजारी पडली तर तिकडे आपलं आहे कोण?" दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "एवढा खर्च करतेच आहेस तर दुबई कर ना. श्रीलंकेत आहे काय?" मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "झाड बघायला चाललोय." त्यानंतर लोक लिफ्टमध्ये माझ्याशी जरा जपून बोलायला लागले.

पण खरंच, आम्ही झाडच बघायला गेलो. त्याचं असं झालं, माझ्या मुलीचं नाव संघमित्रा. घरात मित्रा. वय वर्षं सात. नाव ठेवलं माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी. एके दिवशी आबांनी तिला तिच्या नावाची गोष्ट सांगितली. सम्राटाची एक लेक होती, ती बोधिवृक्षाची फांदी घेऊन जहाजातून लंकेला गेली, अनुराधापूरला ती फांदी लावली, आणि तिचं मोठं झाड झालं.

"मग ते झाड मेलं का?" मित्राने विचारलं.

"नाही गं. अजून आहे."

"म्हणजे माझंच आहे ते. आपण सगळे बघायला जाऊ."

आबांची स्वतःचीही ती फार जुनी इच्छा होती. प्रेसमधून रिटायर झाले तेव्हापासून म्हणत होते, एकदा त्या झाडाखाली उभं राहायचंय. पण नोकरी संपली तर सासूबाईंचं आजारपण निघालं, ते त्यांच्या जाण्याने संपलं तर गेल्या वर्षी आबांचंच हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलं. आबा डॉक्टरांसमोर हसले, घरी आल्यावर मात्र दोन दिवस त्यांनी पेपरही उघडला नाही. मग म्हणाले, "तुम्ही जा. पोरं घेऊन जा. झाडाखाली उभं राहून मला व्हिडिओवाला फोन करा, म्हणजे झालं." मित्राने लगेच शब्द देऊन टाकला. म्हणजे आता प्रश्न सहलीचा राहिला नव्हता. आबांना झाडाखाली न्यायचं होतं, मित्राच्या हातातल्या फोनमधून.

आता माझ्याबद्दल. मी ज्योती, पेठ तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते, आणि मी तयारीवाली बाई आहे. लग्नाच्या दिवशी मांडवात सुईदोरा फक्त माझ्याकडे होता. माझा नवरा मिलिंद अंबडला कंपनीत आहे. त्याच्या मते पासपोर्ट आणि चड्ड्या घेतल्या की तयारी झाली. त्यामुळे तयारी मीच केली.

पहिला घाम काढला तो सम्यकच्या फोटोने. सम्यक म्हणजे धाकटा, तीन वर्षांचा. पासपोर्टच्या फोटोत डोळे उघडे हवेत, तोंड बंद हवं, दोन्ही कान दिसायला हवेत, आणि मागे पांढरं हवं. ज्याने हा नियम केला त्याने तीन वर्षांचं पोर लांबून तरी पाहिलंय का, देव जाणे. आमच्या सम्यकचे डोळे उघडे असले की तोंडही उघडं असतं. फोटोवाल्याने खुळखुळा वाजवला, मांजराचा आवाज काढला, शेवटी स्वतःच स्टुलावर चढून नाचला. "मॅडम, याला झोपवून काढू का?" "अहो, डोळे उघडे पाहिजेत ना!" "मग झोपेतून उठवून काढू." आणि गंमत म्हणजे तसंच करावं लागलं. त्या फोटोत माझं पोरगं पाहणाऱ्याला कोर्टात खेचणार असं दिसतंय.

मग विमानाची तालीम. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या हॉलमध्ये दोन-दोन मांडल्या, माझ्या ओढण्यांचे पट्टे बांधले. मिलिंद ट्रेमधून भडंग वाटायचा. आबा पायलट. पण आबांची आयुष्यभराची सवय एसटीची, त्यामुळे घोषणा अशी व्हायची, "नाशिकहून सुटणारी कोलंबो गाडी फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी खिडकीतून हात बाहेर काढू नये!" सम्यकला ते इतकं आवडलं की तो रोज संध्याकाळी "इमान, इमान" करत ओढण्या ओढून आणायचा. माझ्या दोन चांगल्या ओढण्या त्यात कामी आल्या.

दुसरी तालीम घाटातली. मुलं गाडीत ओकतात का, हे मला आधीच कळायला हवं होतं. कोलंबोहून अनुराधापूरला गाडीने पाच-एक तास लागतात. तर एका शनिवारी मी सगळ्यांना वडापच्या जीपने पेठला नेलं. सावळ घाटात जो टिकला तो कुठेही टिकेल, हा माझा साधा हिशोब. जीप खच्चून भरलेली, बरीच माणसं सुरगाण्याकडची. माझ्या शेजारी एक बाई, तिच्या मांडीवर तान्हं पोर गाढ झोपलेलं. घाट सुरू झाला, वळणं सुरू झाली, मी पिशवी हातात धरून सम्यककडे टक लावून बसले. सम्यक खिडकीतून म्हशी मोजत होता. मित्रा गाणं म्हणत होती. आणि मागच्या सीटवरून मिलिंदचा क्षीण आवाज आला, "ज्योती, पिशवी दे."

ती बाई लुगड्याच्या ओच्यातून लिंबू काढून म्हणाली, "पोरा बरी हायेत बाई. साहेबांना द्या ह्ये." जीपमधली सगळी माणसं हसली. मिलिंद पेठ येईपर्यंत लिंबू चोखत होता. परत येताना मी नागलीचं पीठ घेतलं, मुलांच्या पेजेसाठी, आणि मिलिंदसाठी मळमळीच्या गोळ्या घेतल्या.

तापाचं औषध, डास पळवायचं मलम, मुलांच्या मनगटाला बांधायचे आमच्या फोन नंबरचे पट्टे, सगळं झालं. इंटरनेटवर श्रीलंकेबद्दल जे जे लिहिलंय ते मी रात्रीच्या भाकऱ्या टाकता टाकता वाचून काढलं. पाणी कुठलं प्यायचं, रिक्षावाल्याला काय म्हणायचं, माकडांपासून खाऊ कसा लपवायचा. 'बुद्धमूर्तींचा मान कसा राखावा' असंही एक पान होतं. ते मात्र मी बोटाने वर सरकवून दिलं. ते गोऱ्या पर्यटकांसाठी असणार. आम्हाला कोण शिकवणार? आमच्याकडे दर पौर्णिमेला वंदना होते. मुलांना झोपेतसुद्धा पंचशील येतं. परक्या देशातल्या परक्या गोष्टींची तयारी मी जिवाच्या आकांताने केली, आणि जे आपलंच आहे असं वाटलं, त्याची तयारी शून्य.

निघायच्या आदल्या आठवड्यात आबा मित्राला घेऊन कुठेतरी गेले आणि दोघं गालात हसत परत आले. पिशवीतून निघाले पाच टी-शर्ट. पांढरेशुभ्र, आणि प्रत्येकाच्या छातीवर मित्राने काढलेलं चित्र. एक मोठं झाड, झाडाखाली बुद्ध, आणि बुद्धाचा हात धरून उभी असलेली, दोन वेण्यांची एक मुलगी. बुद्धाचे कान चांगले बशीएवढे, आणि तो दात दाखवून हसतोय. आबांनी शालिमारच्या दुकानात छापून घेतले होते. चार आमचे, पाचवा त्यांचा.

"झाडापाशी सगळ्यांनी हेच घालायचे," मित्राने फर्मान काढलं. "आबा इथे घालतील, आपण तिथे. मग फोन."

आबा म्हणाले, "नवे कोरे ठेवा गं तोवर." सम्यकचा भरवसा नसल्यामुळे मी चारही टी-शर्ट बॅगेच्या तळाशी ठेवले. मित्राने स्वतःचा काढून घेतला आणि उशीखाली ठेवून झोपली.

कसारा घाट, मुंबई, विमानतळाच्या रांगा हे सगळं मी गाळते, कारण तिथे माझ्या तालमी इतक्या चांगल्या लागू पडल्या की सांगण्यासारखं काही घडलंच नाही. फक्त विमान सुटताना सम्यकने मोठ्याने विचारलं, "आबा का नाही चालवत?" आणि पुढच्या रांगेतले दोघं मागे वळून बघायला लागले.

कोलंबोहून भाड्याच्या गाडीने निघालो. नारळ, भाताची खाचरं, मध्येच तळी, आणि रस्ता असा गुळगुळीत की आपण नाशिककर आधी घाबरतो, मग विश्वास ठेवतो. पण मी खरी पाहत होते ते चौक. दर चौकात बुद्ध! काचेच्या घरात बसलेला, पिंपळाच्या पारावर बसलेला, कुठे टेकडीवर उभा. सम्यक प्रत्येक वेळी ओरडायचा, "आपले बुद्ध! आपले बुद्ध!" आमच्याकडे असं होत नाही हो. आमच्याकडे आपला बुद्ध बघायचा तर आपल्या वस्तीत जावं लागतं, नाहीतर लेण्यांवर. इथे त्याला शोधावंच लागत नव्हतं. ड्रायव्हरने एका चौकात गाडी थांबवली, पेटीत नाणं टाकलं, हात जोडले आणि पुढे निघाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिलिंदला वाटलं मलाही मळमळतंय, त्याने गोळी पुढे केली.

अनुराधापूरला आम्ही एका घरगुती गेस्ट हाउसमध्ये उतरलो. मालकीण मालनी, साठीची, एकटीच राहणारी. त्यांच्याकडेही मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात हे कळल्यावर माझा परकेपणाच गेला. ती मला नंगी म्हणजे धाकटी बहीण म्हणाली, मी तिला अक्का. तिचं इंग्रजी मोडकं, माझं शाळामास्तरणीचं, पण बायकांना स्वयंपाकघरात भाषा फारशी लागत नाही. रात्री तिने तांदळाच्या शेवयांच्या वाफवलेल्या चकत्या केल्या, नारळाच्या दुधातलं मसुरीचं वरण, आणि ओल्या नारळाची लालभडक चटणी. सम्यकसाठी मी नागलीचं पीठ काढलं, तर ती बघतच राहिली. तिने फळीवरचा डबा उतरवला, झाकण काढलं. तेच लालसर पीठ! "कुरक्कन," ती म्हणाली. "नागली," मी म्हटलं. दोघींनी एकमेकींचं पीठ चिमटीत घेऊन चोळून पाहिलं. तिचं जरा बारीक दळलेलं होतं, खोटं कशाला बोला.

जेवणाआधी तिने प्रत्येक पदार्थाचा एकेक घास छोट्या ताटलीत घेतला आणि बुद्धापुढे ठेवला. तिच्याकडे बुद्ध भिंतीवर इतक्या उंच फळीवर होता की तिला स्टुलावर चढावं लागलं. आमच्या घरी तो टीव्हीच्या शेजारी आहे, सगळ्यांच्या नजरेसमोर. मित्रा माझ्या कानात म्हणाली, "एवढ्या उंच? तिला नीट दिसतो तरी का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाकडे जायचं होतं. मालनी अक्काने नारळाच्या दुधात भात शिजवून, ताटात थापून, त्याच्या वड्या पाडल्या होत्या. त्यांच्याकडे शुभ दिवसाची सुरुवात याच दूधभाताने होते. आमच्याकडे वैशाखी पौर्णिमेला खीर, तसं. आणि आम्ही चौघं आमचे टी-शर्ट घालून ओळीत बाहेर आलो. मित्राच्या केसांना तेल, दोन वेण्या, चित्रातल्यासारख्याच. काय सांगू, मला इतका अभिमान वाटत होता!

अक्का चहा ओतत होती. तिने आधी मित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मिलिंदकडे, आणि पुन्हा चहा ओतायला लागली. आम्ही खायला बसलो. सम्यकने आपल्या रीतीप्रमाणे लाल चटणी हाताने घेतली आणि छातीवर सांडली. बरोब्बर बुद्धाच्या गालावर. अक्का चटकन ओलं फडकं घेऊन आली, वाकली, आणि तिचा हात अधांतरी थांबला. फडकं स्वयंपाकघरातलं होतं. तिला ते बुद्धाच्या तोंडाला लावता येईना, आणि तसंच ठेवताही येईना. शेवटी तिने फडकं खाली ठेवलं, हात धुऊन आली, आणि बोटाच्या टोकाने ती चटणी टिपली. मग माझ्याशेजारी बसली.

"नंगी," ती म्हणाली, "हे घालून बाहेर जाऊ नका. आमच्याकडे त्याला अंगावर घालत नाहीत. माणसाला घाम येतो, तो लोळतो, संडासला जातो. बाहेर पोलीस अडवतील. त्याआधी लोकांना वाईट वाटेल."

ती हळू बोलली, जवळजवळ माफी मागितल्यासारखं. पण माझं डोकंच फिरलं. मी खरं सांगते, मला राग आला तो आतून, तळव्यापासून. मिलिंद म्हणाला, "अगं, जाऊ दे ना, बदलू आपण. पांढरे कपडे आणलेत की."

"बदलू काय बदलू?" मी मराठीत फिस्कारले. "आता हीपण सांगणार, किती लांब उभं राहायचं ते?"

मित्रा घास तसाच हातात धरून बसली होती. "आई, मी काढलेला बुद्ध वाईट आहे का?"

अक्काला शब्द कळले नाहीत, चेहरा कळला. "दुवे काय म्हणते?" तिने विचारलं. दुवे म्हणजे लेकी. मी सांगितलं. आणि एकदा बोलायला लागले तशी थांबलेच नाही. तुटक्या इंग्रजीत तिला आबांचं सगळं सांगितलं. आबा मित्राएवढे असताना त्यांच्या गावच्या देवळात त्यांना पायरीखालून हात जोडावे लागायचे. तेवढं त्यांना पाठ होतं. पण एकदा वडिलांबरोबर ते लांबच्या एका गावच्या यात्रेला गेले. तिथे कोणी ओळखीचं नव्हतं, म्हणून पोरगं आनंदाने रांगेत उभं राहिलं. दारातल्या माणसाने नाव विचारलं. आबांनी नाव सांगितलं, आडनावासकट, शाळेत शिकवलं होतं तसं, खणखणीत. त्या माणसाने त्यांना रांगेतून बाहेर काढलं. वडिलांनी त्यांचा हात धरला. दोघं चालत घरी आले. मोठेपणी आबांच्या घरात बुद्ध आला, तेव्हा आबांनी ठरवलं, याला फळीवर ठेवायचं नाही. हा आपल्यात राहील. दारावर, कॅलेंडरवर, स्कूटरवर, पोरांच्या वाढदिवसाच्या केकवर. आणि आता नातीच्या छातीवर. "आमच्याकडे ह्याला मान असाच देतात," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, आणि मला रडूही येत होतं.

मालनी अक्काने मित्राच्या ताटात दूधभाताची अजून एक वडी ठेवली. मग म्हणाली, "हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, बुद्धाच्या देशात सगळे त्याला आमच्यासारखंच ठेवतात." तिने मित्राच्या चित्राकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "हसतोय," ती म्हणाली, आणि स्वतःही जरा हसली. पण तिने 'घाला' म्हटलं नाही. तिला ते म्हणता येणार नव्हतं, आणि ती खोटं बोलणारी बाई नव्हती. मलाही तिचा हात दिसत होता, त्या फडक्यासकट थांबलेला. कोणाचं चुकलं म्हणायचं यात? मला अजूनही सांगता येत नाही.

मित्रा उठून आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती बाहेर आली तेव्हा टी-शर्ट उलटा घातला होता. शिवणी बाहेर, गळ्याशी मागे लेबल लोंबतंय. समोर नुसतं पांढरं.

"आता तो आत आहे," ती म्हणाली. "कोणाला दिसत नाही. मला माहीत आहे."

मी ते अक्काला इंग्रजीत सांगितलं. अक्काने मित्राला उजेडात उभं केलं, मागून पुढून पाहिलं, चित्र आरपार दिसत नाही याची खात्री केली. थोडा विचार केला. मग सम्यकला जवळ ओढलं, त्याचा टी-शर्ट काढला, उलटा केला, आणि परत त्याच्या डोक्यातून घातला. मिलिंद आणि मी मुकाट्याने आत गेलो आणि उलटे होऊन आलो.

झाडाच्या आवारात सगळे पांढऱ्या कपड्यांत होते, हातात कमळं, पायांत काही नाही. आम्ही अगदी शोभून दिसत होतो, मागच्या लेबलांकडे दुर्लक्ष केलं तर. चपला ठेवल्या. वाळू इतकी तापलेली की सम्यक मिलिंदच्या पायांवर पाय ठेवून चालायला लागला. गेटवर तपासणी, बायकांची रांग वेगळी. तपासणीवाल्या बाईंनी माझी पर्स पाहिली, आणि मित्राला थांबवलं. तिच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमाने म्हणाल्या, "बेबी, शर्ट उलटा झालाय," आणि स्वतःच तो सरळ करायला खालची कड धरली.

 मित्राने दोन्ही हातांनी टी-शर्ट घट्ट खाली ओढला. "आय नो," ती म्हणाली. "आय लाइक इट लाइक धिस."

बाई हसल्या. "नाव काय तुझं?"

"संघमित्रा."

बाईंनी हात काढला. "संघमित्ता?" त्यांनी शेजारच्या दुसऱ्या बाईला हाक मारली, त्या दोघी सिंहलीत काहीतरी बोलल्या, मागच्या रांगेतल्या एक आजी पुढे आल्या. इंडियातून आलेली संघमित्ता! आजींनी स्वतःच्या ताटातलं एक निळं कमळ मित्राच्या हातात दिलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाईंनी तिला आत जायची खूण केली, आणि आमच्यासाठी रांग थोडी बाजूला झाली. टी-शर्टचं कोणी पुन्हा नाव काढलं नाही.

झाड तसं खूप मोठं नाही. उंच चौथऱ्यावर, सोनेरी कठड्याआड, म्हाताऱ्या फांद्यांना खालून सोन्याच्या रंगाचे टेकू दिलेले. कठड्याच्या आत कोणालाच जाऊ देत नाहीत, सगळे एकाच अंतरावरून हात जोडतात. लोक वाळूत बसून वंदना म्हणत होते. शब्द आमचेच, चाल वेगळी. मित्रा आमच्या चालीत म्हणायला लागली, जोरात, शेजारच्या बायका वळून पाहायला लागल्या आणि मग तिच्याबरोबर म्हणू लागल्या. सम्यक एक पडलेलं पान हुडकत होता. मला वाटलं होतं मी खूप रडेन, पण मी नुसती बसून राहिले.

मग फोन. आबा हॉलमधल्या कोचावर बसले होते, अंगात टी-शर्ट, सुलट, इस्त्री केलेला. किती वेळापासून तयार होऊन बसले असतील कोण जाणे. 

"अरे, चित्र कुठंय तुमचं?" आबांचा पहिला प्रश्न.

मिलिंदने तोंड उघडलं, पण मित्राने फोन हिसकावला. गळा ताणून टी-शर्टच्या आत फोन धरला. "हे बघा आबा, आत आहे. इथे बाहेर घालत नाहीत. इथे त्याला खूप उंच ठेवतात. मी आत ठेवलाय."

आबांना अंधार आणि कापड याशिवाय काय दिसलं असेल! त्यांनी मान हलवली. "बरं केलंस," म्हणाले. मग मित्राने झाड दाखवलं. फांद्या, टेकू, पानं, कठडा, बसलेली माणसं. आबांनी हात जोडले.  मग हळूच, मला नाही, मिलिंदला नाही, मित्राला विचारलं, "गेटवर कोणी अडवलं नाही ना गं?"

"एका बाईंनी थांबवलं," मित्रा म्हणाली. "नाव विचारलं."

आबांचे जोडलेले हात खाली आले. "मग?"

"मग मी सांगितलं. मग एका आजींनी हे दिलं." तिने कमळ फोनसमोर धरलं. "आणि आत जा म्हणाल्या."

"नाव सांगितल्यावर?"

"हो. आधी नाही, नाव सांगितल्यावरच."

आबांनी चष्मा काढला, टी-शर्टला पुसला, परत घातला. "झाड पाहिलं मी," ते म्हणाले. "आता मला ते गेट दाखव."

आम्ही तापलेल्या वाळूतून परत गेटपाशी आलो. मित्राने फोन दोन्ही हातांत उंच धरला. लोक येत होते, थांबत होते, पुढे जात होते. आबा बघत राहिले. मित्राचे हात दुखायला लागले तेव्हा तिने विचारलं, "आबा, इथे तर काहीच नाहीये. काय बघताय?"

"माणसं आत जातायत ना," आबा म्हणाले, "ते बघतोय. धर अजून थोडा वेळ."